दीड इंचाचा सीमाप्रश्न

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घराला लाल कोबा होता. आजोबा सांगायचे, गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनाला बेळगावात आले त्या साली, म्हणजे १९२४ ला, तो घातला. तेव्हा शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांच्या हद्दीत, त्यामुळे गांधीजींनी हद्द ओलांडून आमचा कोबा बघायला येण्याचा प्रश्नच नव्हता. खरं आजोबांच्या सांगण्यात असा थाट असायचा की जणू महात्माजी येणार म्हणूनच तो आठ दिवस घोटून घेतला होता.

गेल्या पावसाळ्यात त्या कोब्याला माजघरात भेग पडली. भेगेतून मुंग्या निघाल्या आणि मुंग्यांच्या मागोमाग बायकोनं विषय काढला, "अहो, आता तरी फरशी बदलून घेऊया की."

मी "बघू" म्हणालो. आमच्या घरात "बघू" म्हणजे होकार धरतात, हे लग्नाला एवढी वर्षं होऊनही मी विसरतो.

उद्यमबागेच्या बाजूला एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "कहाँ के लिए चाहिए?" मी म्हटलं, "घर के लिए." औषधाच्या दुकानात जाऊन "एक औषध द्या" म्हणणाऱ्याकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. मग कळलं, प्रत्येक खोलीची पत्रिका वेगळी असते आणि ती टाइलशी जुळवावी लागते. पहिला गुण बघायचा तो पिण्याचा. व्हिट्रिफाइड टाइल तिच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. भिंतीला लावायची सिरॅमिक दहा टक्क्यांच्या वर पिते, म्हणून तिला जमिनीवर घ्यायचं नाही, वजन पडलं की तिचा तोल जातो. एवढं ऐकून आई म्हणाली, "म्हंजे निर्व्यसनी स्थळ बघायचं. मग एवढं काय सांगायलाय तो?"

घरी येईपर्यंत बातमी नातेवाइकांत पोचली होती. मेहुण्याचा आग्रह संगमरवराचा. संगमरवर दिसतो राजबिंडा, खरं तो मूळचा चुनखडीच्या कुळातला. लिंबू, चिंच, व्हिनेगर असलं काही आंबट सांडलं की चकाकी खाल्ली जाते आणि मग कितीही पुसा, डाग जात नाही, कारण तो डाग नसतोच, दगडच झिजलेला असतो. आमच्याकडे रोज चिंचेची आमटी आणि आठवड्याला दोनदा सोलकढी. मेहुण्याच्या हॉलमध्ये टीपॉय खिडकीपाशी तिरका का ठेवलाय, हे मी एकदा तो उचलून बघितलंय. खाली लिंबूसरबताचा अख्खा नकाशा आहे. त्यानंतर मेहुण्यानं आग्रह केला नाही.

मुलाला त्याच्या खोलीत लाकडी पाहिजे होती. लाकडी म्हणजे लॅमिनेट, भुसा दाबून केलेली. जून ते सप्टेंबर बेळगावात टॉवेल वाळत नाही, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते. तिथं भुशानं काय करावं? फुगावं. विषय संपला.

सहा नमुने घरी आणले. मी, बायको आणि मुलगा परसात छत्री धरून त्यांचा रंग बघत होतो. आई आली. अठ्ठ्याहत्तर वय, गुडघे दुखरे. तिनं चपला काढल्या, तांब्याभर पाणी ओतलं, त्यावर साबणाचं चमचाभर पाणी टाकलं आणि म्हणाली, "डोळ्यानं काय बघायलासा रे? तळपायानं बघा की." मग मुलाच्या दंडाला धरून ती एकेका टाइलवर चढली. दोरीवर बसलेल्या कोंबडीसारखी तिची बोटं आवळायची. बोटं सैल पडली की टाइल पास. दुकानातला पोरगा आर-दहा, आर-अकरा असे घसरण मोजायचे आकडे सांगत होता, तेच काम आईच्या अंगठ्यानं केलं. बायकोला आवडलेल्या पांढऱ्या, करड्या शिरांच्या, आरशासारख्या चकचकीत टाइलवर आईनं अंगठा टेकवला आणि लगेच मागं घेतला. बायकोचा चेहरा पडला. दोघींत समेट व्हावा म्हणून, ती टाइल तेवढी निसरडी नाही हे दाखवायला मी तिच्यावर पाय ठेवला. पुढचं शेजारच्या काकूंनी माझ्यापेक्षा सविस्तर पाहिलं आहे. त्यांनाच विचारा.

त्या प्रसंगानंतर (मला दोन दिवस बसता येत नव्हतं, त्यामुळे विरोधही करता आला नाही) भराभर निर्णय झाले. हॉलला मोतिया रंगाची, दोन बाय दोनची मॅट व्हिट्रिफाइड. स्वयंपाकघराला राखाडी, ठिपक्यांची, म्हणजे सांडलेलं पीठ आणि हळद आपल्यालाच दिसणार नाही. तिच्या सांध्यांत इपॉक्सी, म्हणजे राळेचं भरण, कारण पांढऱ्या सिमेंटचे सांधे फोडणी उडून महिनाभरात पिवळे होतात. न्हाणीला एक फुटाची खरखरीत. मोठी टाइल न्हाणीत घेऊ नये, चारी बाजूंनी जाळीकडे ढाळ द्यायचा तर ती वाकत नाही. शिवाय लहान टाइल म्हणजे सांधे जास्त, आणि ओल्या पायाला सांधेच धरून ठेवतात. परसातली शहाबादी तशीच राहिली. ती आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. अर्धा महाराष्ट्र तिच्यावर धुणं धुतो, खरं तिचं माहेर कर्नाटकात आहे हे कुणाला सांगायला जात नाही.

मग मेस्त्री आले. मेस्त्री कन्नड, हाताखालची पोरं हिंदी, आई मराठी. चौघं एकमेकांना आपापल्या भाषेत ओरडायची आणि काम चालायचं. मी काहीही विचारलं की मेस्त्रींचं एकच उत्तर, "येन आगूदिल्री." काही होत नाही. व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही म्हणजे सिमेंटलाही नीट धरत नाही, अॅडेसिव्ह वापरा, म्हटलं. "येन आगूदिल्री." मी रुपयाचं नाणं घेऊन टाइल टकटक वाजवत फिरायला लागलो. अकरा टाइल भोपळ्यासारख्या पोकळ बोलल्या. मेस्त्रींनी त्या उचलल्या आणि बाकीचं काम अॅडेसिव्हवर केलं, खरं त्या दिवसापासून मला बघितलं की पोरं नाणं वाजवायची.

हे सगळं मी सहन केलं. घात झाला तो हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात.

जुन्या घराची भिंत दीड फूट जाडीची. चौकट हॉलच्या अंगाला. आता मोतिया टाइल कुठं संपवायची आणि राखाडी कुठं सुरू करायची? नियम सोपा आहे. दार लावलं की हॉलमधून फक्त हॉलची टाइल दिसावी आणि आतून फक्त आतली, म्हणजे सांधा बरोबर मिटलेल्या दाराच्या खाली यावा. मी दुपारी बँकेत गेलो आणि येईपर्यंत मोतिया टाइल दाराच्या आत दीड इंच घुसली होती.

बायको म्हणाली, "काढा." मेस्त्री म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे. मी दोघांच्या मध्ये टेप घेऊन उभा. एवढ्याशासाठी काय, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही बेळगावचे नव्हे. १९५६ ला राज्यं नव्यानं आखली तेव्हापासून आमच्याकडे रेघ कुठं मारायची हा विषय निघाला की चहा गार होतो, आणि २००४ पासून तर दावा सुप्रीम कोर्टात आहे. संध्याकाळपर्यंत गल्लीतली पाच माणसं जागेवर येऊन पाहणी करून गेली. दोघं म्हणाले मोतिया मागं घ्या, दोघं म्हणाले आहे ती स्थिती ठेवा, पाचव्यानं चहा घेतला.

काढायची म्हटली तर अॅडेसिव्हवर बसलेली टाइल फुटल्याशिवाय निघत नाही. जादा पेटी त्या अकरा भोपळ्यांत संपलेली. दुकानात विचारलं, तर तो लॉट संपला, नव्या लॉटची छटा वेगळी. (घरात एक पेटी जादा ठेवा. कॉटखाली ठेवा. तिच्यावर कुणी बसलं तरी चालेल.)

शेवटी ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटची उरलेली पट्टी होती, ती मेस्त्रींनी कापून दोन्हींच्या मध्ये बसवली. मोतिया दीड इंच कापली गेली, राखाडीला काही कळलं नाही, आणि पट्टी दोन्हींपेक्षा चिमूटभर वर राहिली. बायको तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मी ठेच लागून पडायची तयारी ठेवली.

आई सकाळी उठली, पट्टी बघितली आणि आतून हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली. "कोब्याबरोबर उंबरा गेला म्हणून मला झोप नव्हती. बरं केलासा." तिनं पट्टीवर दोन बोटं ओढली, रांगोळीची रेघ काढली. तेव्हापासून आमच्याकडे तिच्यावर कुणी पाय देत नाही. नातेवाईक येतात, पाय उचलून ओलांडतात.

चार दिवसांनी मेस्त्री उरलेले पैसे न्यायला आले. त्यांनीही चप्पल काढली, पट्टीला हात लावून कपाळाला लावला, आत आले आणि बिल माझ्या हातात दिलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: उंबरा, नग १, जादा काम.