बॅटरी खरखरीत हवी

आमचे हे सातपूरच्या एमआयडीसीत लेथवर होते. निवृत्त झाल्यावर हाताचं काम सुटलं, पण अंगठ्याचं नख अजून ड्युटीवर आहे. स्टीलचा डबा असो, नळाची तोटी असो, लग्नात आलेली समई असो, हे आधी त्यावरून नख फिरवणार आणि फिनिशिंगला नावं ठेवणार. अशा माणसाबरोबर बॅटरी घ्यायला जाऊ नये. मी गेले.

निमित्त निफाडच्या भाऊजींचं. त्यांची द्राक्षबाग आहे. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली की पंप सुरू करायला अंधारात विहिरीवर जावं लागतं, आणि शेजारी ऊस म्हणजे बिबट्याची धास्ती. जुनी बॅटरी चिखलात पडून बिघडली, तेव्हा त्यांचा फोन आला. "दादा, नाशकातून एक चांगली बॅटरी आण." 'स्वस्तातली' म्हणाले असते तर माझी दुपार वाचली असती.

रविवार कारंजाजवळच्या दुकानात शेठने काउंटरवर बॅटऱ्या मांडल्या. "ही बघा, उजेड लांब जातो," म्हणत तो बटण दाबायला लागला, तर ह्यांनी हात आडवा केला. "उजेड राहू द्या हो. उजेड काय, सगळ्याच देतात. अंग दाखवा." शेठने माझ्याकडे बघितलं. मी स्टूल ओढून घेतलं.

मग नखं सुरू झाली. कर्रर्र. पहिली बॅटरी जुन्या पद्धतीची, चकचकीत पत्र्याची, अंगावर उभ्या रेघांची. ती बाद. का? तर उभ्या रेघांना धरून मागचं झाकण छान फिरवता येतं, पण हात ओला असला की बॅटरी त्याच रेघांवरून सरळ खाली निसटते. दुसरीला आडवे चर. ती खाली निसटत नाही, पण मुठीत गोल फिरते. तिसरीला शंकरपाळीच्या आकाराचं बारीक नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी धातूवर उठवलेली खरखरीत नक्षी. तिथे ह्यांचा चेहरा उजळला. दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा एकमेकींना छेदतात, त्यामुळे ती ना निसटते ना फिरते. सराफ बाजार तिथून हाकेच्या अंतरावर. इतक्या वर्षांत तिथे ह्यांनी एक दागिना हातात घेऊन बघितल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात एक बिचारा बल्ब घ्यायला आला आणि सापडला. त्याला सांगण्यात आलं की नर्लिंगमध्ये सहसा धातू कापत नाहीत. फिरत्या नळीवर कडक पोलादाचे दातेरी रोलर दाबतात, धातू बाजूला सरकून वर उठतो, म्हणून नळीचा व्यास उलट थोडा वाढतो. रोलरचे दाते फेऱ्यागणिक त्याच खाचेत पडले नाहीत तर रेघेवर रेघ चढते. "ही बघा, इथे चढलीय," म्हणून चौथी बॅटरी त्याच्या नाकाला लावली. शिवाय १९७९ साली अमेरिकेत मॅगलाइट आली, अॅल्युमिनियमची, अंगभर नर्लिंगची. ती काढणारा टोनी माग्लिका मूळचा मशीनवरचाच माणूस. हे सांगताना ह्यांची छाती अशी काही फुगली, की माग्लिका सातपूरलाच पाळीवर होता असं वाटावं. बल्बवाला बल्ब न घेताच गेला.

"शेठ, पाणी आहे का?" पाण्याने हात ओला करून सगळ्या पुन्हा धरून झाल्या. नंतर खिशातून खोबरेल तेलाची छोटी बाटली निघाली. ती घरून आणली होती! शेठ म्हणाला, "वहिनी, चहा सांगू?" यावरून किती वेळ लागणार याचा अंदाज त्यालाही आला होता.

शेवटी घेतली ती काळी, नर्लिंगची. काळा थर अॅनोडायझिंगचा, म्हणजे वरून फासलेला रंग नव्हे. आम्लात बुडवून वीज सोडली की अॅल्युमिनियमवर त्याचंच कडक ऑक्साइड चढतं. तोही झिजतो, आणि आधी नर्लिंगच्या टोकांवर, असं घरी येईपर्यंत रिक्षावाल्यालाही कळलं.

निफाडला जाईपर्यंत ती आमच्याकडेच होती. एका संध्याकाळी ऐन पोळ्यांच्या वेळी लाइट गेली. कणकेचा हात, तसाच बॅटरीला लागला. पकड, खरं सांगते, पक्की होती. पण कणीक त्या शंकरपाळ्यांत अशी जाऊन बसली की दुसऱ्या दिवशी वाळून दगड. जुना टूथब्रश घेऊन एकेक खाच मी उकरत बसले. नर्लिंग करणाऱ्याला ते कधी धुवावं लागत नाही, हे त्या खरखरीत नक्षीमागचं गुपित आहे. स्वयंपाकघरात बॅटरी गुळगुळीतच हवी, हे माझं मत. ते कोणी विचारलं नव्हतं.

जानेवारीत निफाडला गेलो. तिथली थंडी पेपरात छापून येते ती उगाच नव्हे. भाऊजींनी खुंटीवरची बॅटरी काढून दाखवली. मुठीपासून मागच्या झाकणापर्यंत सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला! नर्लिंगचा एक दाणा बाहेर नाही.

"अरे, हे काय केलंस?" ह्यांचा आवाज फुटेना.

"दादा, रात्री दोनला ते अॅल्युमिनियम हातात धरवत नाही. बोटं बधीर होतात. बाकी उजेड झकास आहे हां!"

उजेडाचं कौतुक ह्यांना जास्त लागलं असावं. जेवताना गप्प होते. भाऊजी हात धुवायला उठले तशी ह्यांनी बॅटरी मांडीवर घेतली, ट्यूब दोन्ही हातांनी पिळून पाहिली, ओढून पाहिली. ती हलेना. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? ट्यूब जागची हलत नाहीये. का? खाली नर्लिंग आहे म्हणून."