माझी कंबर नेमकी कुठे आहे?

विम्याच्या मेडिकलला रक्त दिलं, लघवी दिली, छातीला वायरी लावून ईसीजी काढून झाला, तोवर माझी अब्रू शाबूत होती. ती गेली टेपमुळे. खरं तर टेपपेक्षाही रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थांमुळे.

उंची 170 सेंटिमीटर, वजन 66 किलो. म्हणजे बीएमआय 22.8. हा आकडा मी कित्येक वर्षं मनातल्या मनात मिरवत आलोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी जोखमीची 23 ची जी कडक पायरी सुचवली आहे, तिच्याही आत मी बसतो. टेक्निशियन मुलगी "व्हेरी गुड, सर" म्हणाली आणि तिनं शर्ट वर करायला सांगितला. मी शर्ट वर केला आणि सवयीनं पोट आत घेतलं.

"सोडा," मागून आवाज आला.

"काय?"

"पोट सोडा. श्वास सहज बाहेर गेला की माप घ्यायचं असतं. तुम्ही तर फोटोला उभे राहिल्यासारखे उभे आहात."

मी पोट सोडलं. मुलीनं टेप बेंबीवरून फिरवला आणि "चौऱ्याण्णव" असं पुकारलं. गृहस्थांना ते सहन होईना. ते रांग सोडून पुढे आले आणि माझी परवानगी वगैरे न घेता त्यांनी माझ्या बरगडीखाली दोन बोटं खुपसली.

"ताई, तिथं नाही. ही शेवटची बरगडी, हे कमरेचं हाड. या दोन्हींच्या बरोबर मधोमध. डब्ल्यूएचओची पद्धत आहे."

"सर, आम्हाला बेंबीवरच सांगितलंय."

"बेंबीचा काय भरवसा? ती पोटाबरोबर खाली सरकते. हाड सरकतं का?"

मुलीनं बिचारीनं मधोमध घेतलं. 91. गृहस्थांना आता चेव चढला होता. "अमेरिकेच्या सर्व्हेत कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला घेतात. घ्या, तेही घ्या." 92.5. मागची सगळी रांग माझ्या पोटाकडे बघत होती. एक आजी तर पुढे सरकून बघत होत्या. मी म्हटलं, अहो, माझी पँट 34 इंचाची आहे, तिच्यावर तसं छापलेलं आहे. म्हणजे 86 सेंटिमीटर झाले.

"पँट ढेरीच्या खालून जाते, साहेब," गृहस्थ अत्यंत मायेनं म्हणाले. "तिला वर काय चाललंय ते माहीत नसतं."

मग त्यांनी हिशेब मांडला. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, म्हणजे माझी 85 च्या आत. दक्षिण आशियाई पुरुषांना मर्यादा 90 ची, बायकांना 80 ची. तिन्ही ठिकाणच्या मापांनी मी नापास. कातडीखालची चरबी बिचारी गरीब असते, पण यकृत-आतड्यांभोवती बसलेली चरबी आपला माल थेट यकृताकडे सोडते, तिथून साखर बिघडते आणि मग हृदय, असं त्यांनी माझ्या पोटावर बोट फिरवून रांगेला समजावलं. फळा मी. वाईट याचं वाटतं की ते सांगत होते ते खरं होतं.

"पण माझा बीएमआय..."

"तो सोडा हो! तो काय डॉक्टरनं काढलाय?"

हेही खरं निघालं. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायची कल्पना अडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाची, 1832 च्या सुमाराची. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कोण कधी मरेल याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अमेरिकन संशोधक अन्सेल कीज यांनी थेट 1972 मध्ये दिलं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. म्हणजे ज्या आकड्यावर मी इतकी वर्षं दोन घास जास्त खाल्ले, त्याला आतलं काही दिसतच नाही.

एवढ्यात गृहस्थांचा नंबर लागला. त्यांनी श्वास इतका मनापासून सोडला की त्यांना खोकला आला. कंबर 108. उंची 172, वजन 98, म्हणजे बीएमआय 33.

मी काही बोललो नाही. फक्त बघितलं.

"माझं वेगळं आहे," ते म्हणाले. "माझी सीट पण घ्या, ताई. गुणोत्तर बघायचं असतं. 52 देशांच्या अभ्यासात सिद्ध झालंय." असा अभ्यास आहे, इंटरहार्ट नावाचा, 2005 चा. हार्ट अटॅकचा अंदाज घ्यायला बीएमआयपेक्षा कंबर-नितंब गुणोत्तर सरस, असं त्यात दिसलं होतं. सीट भरली 116. गुणोत्तर 0.93. पुरुषांची मर्यादा 0.90. आता मात्र माझ्या चेहऱ्यावर हसू आलं असावं, कारण त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"एबीएसआय बघू. लवकर जाण्याची रिस्क त्यात कळते."

'ए बॉडी शेप इंडेक्स', हा 2012 चा निर्देशांक. क्रॅकॉअर आडनावाच्या दोघांनी अमेरिकेच्या त्याच सर्व्हेतल्या सुमारे 14 हजार लोकांच्या मापांवरून आणि त्यांतल्या मृत्यूंवरून तो बसवला. कंबरेला बीएमआयच्या दोन-तृतीयांश घातानं आणि उंचीच्या वर्गमुळानं भागायचं. त्या लोकांची सरासरी 0.08 च्या आसपास; आकडा जितका मोठा, तितकी जोखीम जास्त. गृहस्थांनी आकडे भरले. त्यांचा आला 0.080. माझा 0.087.

"बघा," ते म्हणाले, आणि मोबाइल आजींनाही दाखवला.

98 किलोचा माणूस सरासरीत, आणि 66 किलोचा मी मरणाच्या दारात! घरी येऊन मी कागद-पेन घेऊन बसलो. कंबर 91 च ठेवून वजन 10 किलो वाढवलं, तर माझा आकडा 0.079 वर येतो. म्हणजे गृहस्थांच्याही पुढे. अर्थात त्यात मेख आहे. हा निर्देशांक मुद्दामच बीएमआयपासून सुटा काढलेला आहे आणि तो बीएमआयच्या जोडीनं वाचायचा असतो. 33 बीएमआयचा माणूस त्यात पास झाला, तरी त्याचे 33 कुठे जात नाहीत. हे मला रात्री कळलं. रांगेत कळलं असतं तर आजींसमोर बोललो असतो.

पण राग त्यांचा नाहीये इतका. ते निदान मन लावून मोजत होते. हजारो लोकांची मापं घेऊन काढलेली जोखीम हजारोंसाठी ठीक आहे, मान्य. पण ती माझ्या एकट्याच्या गळ्यात बांधायची, तर आधी माझी कंबर कुठे आहे यावर तरी सगळ्यांचं एकमत करा! एका पोटाची पाच मिनिटांत तीन मापं निघाली. त्या अमेरिकन सर्व्हेत हाडाच्या कडेवर मोजलं, इथं मधोमध, आणि दोन्ही आकडे मुकाट एकाच सूत्रात.

फॉर्मवर कमरेसाठी चौकट एकच होती. मुलीनं तीत 94 लिहिलं होतं, अगदी पहिल्यांदा मोजलं तेव्हाच. मी म्हटलं, मधोमध 91 आलंय ना, ते लिहा.

"सर, खाडाखोड चालत नाही," ती म्हणाली. "कंपनी फॉर्म परत पाठवते. मग तुम्हालाच परत यावं लागेल, उपाशीपोटी."

मी सही केली.