‘सगळं ऑनलाइन मिळतं’ म्हणणाऱ्यांना: जुन्या जपानी गेमच्या संग्रहाची बाजू

जुन्या जपानी रोलप्लेइंग गेमच्या (खेळणारा एक पात्र बनून लांब कथा पुढे नेतो असे व्हिडिओ गेम) कॅसेटी, सीडी आणि फ्लॉपी जमवणाऱ्यांबद्दल एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. पाठवणारा बदलतो, शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. हे गेम आता डाउनलोड करून मिळतात. नव्या रीमास्टर, म्हणजे जुना गेम सुधारून पुन्हा काढलेल्या, आवृत्त्या मुळापेक्षा सरस आहेत. जुनी माध्यमं तशीही सडणार आहेत. रॉम, म्हणजे कॅसेटमधून उतरवलेली गेमची फाइल, फुकट मिळत असताना पैसे घालणं वेडेपणा आहे. आणि शेवटी, हा छंद नसून सट्टा आहे. या सगळ्याचा निष्कर्ष असा काढला जातो की आम्ही संग्राहक घरात अडगळ भरतो.

मी हे गेम जमवतो, उघडून दुरुस्त करतो आणि खेळतो. वरच्या पाच मुद्द्यांपैकी शेवटच्यात तथ्य आहे आणि सडण्याच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. बाकीचे तीन टिकत नाहीत.

‘सगळे गेम डाउनलोडला मिळतात.’

जुलै २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कसोबत केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के गेम आज बाजारात नव्याने विकत घेता येत नाहीत, असं तिच्यात दिसून आलं. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या बाबतीत तर उपलब्ध गेमचं प्रमाण सहा टक्क्यांच्याही खाली आहे. हा हिशोब फक्त अमेरिकेत निघालेल्या गेमचा आहे. जपानबाहेर कधी गेलेच नाहीत असे शेकडो गेम त्यात धरलेलेच नाहीत, आणि रोलप्लेइंग गेमचा मोठा भाग नेमका तिथेच आहे. भरपूर संवाद असलेला गेम दुसऱ्या भाषेत नेणं खर्चाचं काम असतं, म्हणून कंपन्या तो तसाच सोडून देत.

‘मदर ३’ घ्या. एप्रिल २००६ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला, फक्त जपानमध्ये. जगभरच्या चाहत्यांनी स्वतः इंग्रजी भाषांतर करून २००८ साली ते खुलं केलं. निन्टेंडोने २०२४ साली हा गेम आपल्या ऑनलाइन सेवेत आणला, तोही जपानपुरताच. दुसरं उदाहरण ‘पान्झर ड्रॅगून सागा’चं. १९९८ साली सेगा कंपनीच्या सॅटर्न या यंत्रावर चार सीडींत आलेला हा गेम त्यानंतर कुठल्याच यंत्रावर पुन्हा निघालेला नाही. सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्राम, हरवल्यामुळे तसं झालं, असं सांगितलं जातं. म्हणजे तो अधिकृतपणे खेळायचा तर त्या चार सीडी आणि ते यंत्र हाच मार्ग.

शिवाय डाउनलोडचं दुकान कायमचं नसतं. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर हे १९९९ चे गेम बॉयचे गेम २०१७ साली निन्टेंडोच्या थ्रीडीएस या यंत्राच्या ऑनलाइन दुकानात विकायला आले तेव्हा ‘आता मूळ कॅसेट कशाला?’ असं बोलणारे भरपूर भेटले. २७ मार्च २०२३ रोजी ते दुकान विक्रीला बंद झालं. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये ‘वी’ या निन्टेंडोच्याच दुसऱ्या यंत्राचं दुकान गेलं होतं. दुकान चालू असतानाही तिथे आपण गेम विकत घेत नाही, वापराचा परवाना घेतो. ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगितलीच पाहिजे, असा कायदा कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून लागू केला आहे. माझ्या कपाटातली कॅसेट मी उद्या मित्राला देऊ शकतो, विकू शकतो, वाचनालयाला भेट देऊ शकतो.

कंपन्या आपला वारसा जपतातच, हेही गृहीत धरू नये. ‘किंगडम हार्ट्स’चा पहिला भाग २००२ चा, म्हणजे फार जुनाही नाही. त्याची एचडी आवृत्ती २०१३ साली काढायची वेळ आली तेव्हा मूळ डेटा हरवलेला निघाला आणि विकलेल्या गेममधून बऱ्याच गोष्टी काढून नव्याने उभ्या कराव्या लागल्या. हे त्या गेमचे दिग्दर्शक तेत्सुया नोमुरा यांनीच सांगितलेलं आहे. विकली गेलेली प्रत ही निर्मात्यापाशीच उरलेली नाही अशी वस्तू असू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

‘रॉम फुकट मिळतात.’

मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा मुद्दा. कारण तो मांडणारा कधी स्वतःला विचारत नाही की ते रॉम आले कुठून. कुणीतरी खरी कॅसेट विकत घेतली, यंत्राला जोडली, चिपमधला डेटा वाचला, दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिला. प्रत्येक रॉमच्या मागे कुणाची तरी खरी प्रत आहे. संग्राहकांना अडगळवाले म्हणायचं आणि त्यांच्याच अडगळीतून निघालेल्या फाइलवर गेम खेळायचा, हे बरोबर नाही.

हे काम वाटतं तितकं सोपंही नाही. १९९६ साली निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रावर आलेला ‘स्टार ओशन’ ४८ मेगाबिटचा होता, त्या यंत्रावरच्या सगळ्यात मोठ्या गेमपैकी एक. त्यातली चित्रं दाबून साठवलेली होती आणि ती चालू खेळात उलगडण्यासाठी कॅसेटमध्येच एस-डीडी१ नावाची वेगळी चिप बसवली होती. रॉम हाती आला तरी चिप कसं काम करते ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्रामवर) कित्येक वर्षं चित्रांची वेगळी फाइल जोडूनच तो खेळावा लागे. ‘तेंगाई माक्यो झीरो’ (१९९५) मध्ये आणखी एक चिप आणि शिवाय खरं घड्याळ. गेममधल्या काही घटना खऱ्या तारखेवेळेप्रमाणे घडत. खरी कॅसेट समोर असल्याशिवाय हे कोडं सुटलं नसतं.

काही गोष्टी फाइलमध्ये मावतच नाहीत. कोनामीच्या २००३ च्या ‘बोकताई’ या अ‍ॅक्शन रोलप्लेइंग गेमच्या कॅसेटवर सूर्यप्रकाश मोजणारा सेन्सर आहे. नायकाच्या बंदुकीला लागणारी ऊर्जा खऱ्या उन्हातून येते. रात्री खोलीत बसून हा गेम तितक्या जोमाने खेळता येत नाही, बाहेर पडावं लागतं. एम्युलेटरमध्ये सूर्यप्रकाश एक पट्टी सरकवून ठरवतात. गेम चालतो, पण ज्या कल्पनेसाठी तो बनवला होता ती राहत नाही. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखातल्या उन्हात गच्चीवर उभं राहून तो खेळण्यात जी मजा आहे ती पट्टी सरकवणाऱ्याला कधी कळायची नाही.

सॅटेलाव्ह्यूची हकिकत तर संग्राहकांच्या बाजूने एकटी पुरेशी आहे. १९९५ ते २००० या काळात सॅटेलाव्ह्यू हे जपानमध्ये सुपर फॅमिकॉमला जोडायचं एक उपकरण होतं. उपग्रहावरून ठरलेल्या वेळी गेम प्रसारित व्हायचे आणि ८ मेगाबिटच्या मेमरी पॅकवर उतरायचे. ‘क्रोनो ट्रिगर’शी कथेने जोडलेला ‘रॅडिकल ड्रीमर्स’ १९९६ साली असाच आला. दुकानात तो कधीच आला नाही आणि अधिकृतपणे पुन्हा मिळायला २०२२ साल उजाडलं. मधली पंचवीसेक वर्षं तो टिकला तो कुणाच्या तरी घरच्या मेमरी पॅकवर. ते पॅक पुन्हा लिहिता येत, म्हणजे पुढचा गेम उतरवला की आधीचा पुसला जाई. १९९७ च्या ‘फायर एम्ब्लेम’च्या सॅटेलाव्ह्यू भागांत पात्रांचे आवाज गेमसोबत थेट प्रक्षेपणातून ऐकू यायचे, ते पॅकवर साठत नव्हते. असे आवाज आज ऐकायला मिळतात ते कुणी टीव्हीवरून व्हीएचएस टेपवर रेकॉर्ड करून ठेवले म्हणून. ज्याला आपण कालबाह्य माध्यम म्हणून भंगारात देतो त्या टेपवर दुसऱ्या एका मेलेल्या माध्यमाचा एकमेव पुरावा उरलेला असतो. म्हणूनच न लिहिलेल्या नावाचे, फुटक्या डब्यातले पॅक आणि टेपा मी कधी टाकून देऊ देत नाही.

‘रीमास्टर मुळापेक्षा सरस असतात.’

नव्या खेळाडूने रीमास्टर घ्यावा, मीही तोच सुचवतो. ‘लाइव्ह अ लाइव्ह’ हा १९९४ चा गेम इंग्रजीत अधिकृतपणे आला तोच २०२२ च्या नव्या आवृत्तीमुळे, आणि ती मन लावून केलेली आहे. तक्रार आहे ती मुळाची जागा रीमास्टर घेऊ शकतो या समजाबद्दल.

‘फायनल फँटसी ६’ चं पाहा. १९९४ चा सुपर फॅमिकॉमचा मूळ गेम. १९९९ ची प्लेस्टेशन आवृत्ती. २००६ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आवृत्तीत नवी तळघरं आणि नव्या शक्ती घातल्या. २०१४ साली चित्रं बदलून मोबाइलवर. २०२२ साली पिक्सेल रीमास्टर. आता २०१४ ची आवृत्ती स्टीम या संगणक गेमच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकलेली आहे, आणि २००६ मधली भर पिक्सेल रीमास्टरमध्ये नाही. म्हणजे ती भर असलेला गेम खेळायचा तर जुनी कॅसेट शोधणं आलं. प्रत्येक नवी आवृत्ती काही देते आणि काही काढून घेते. कोणती बाजू आपल्याला हवी हे ठरवायचा हक्क सगळ्या आवृत्त्या हाताशी असतील तरच उरतो.

चित्राचंही तसंच. सॅटर्नवर पारदर्शक धुकं किंवा पाणी दाखवायला ठिपक्यांची जाळी काढायचे. काचेच्या ट्यूबच्या टीव्हीवर ती जाळी विरघळून खरोखर धूसर दिसायची. आजच्या सपाट पडद्यावर तीच जाळी टोचते आणि लोक म्हणतात, जुनी ग्राफिक्स बेकार होती. चित्रकाराने जे पाहून रंग लावले ते पाहण्यासाठी जुना टीव्ही लागतो.

‘सीडी-कॅसेटी सडूनच जाणार.’

यात तथ्य आहे, पण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. कॅसेटमधली बॅटरी संपली की गेम मेला, असं पुष्कळांना वाटतं. गेम असतो मास्क रॉममध्ये, म्हणजे कारखान्यातच कायमचा डेटा भरलेल्या चिपमध्ये, त्याला बॅटरी लागत नाही. सीआर२०३२ सारखी नाण्याएवढी बॅटरी फक्त सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) आणि असलं तर घड्याळ टिकवते. ती बदलता येते. दुसरं, घरी लिहिलेली सीडी आणि कारखान्यात साच्याने दाबलेली सीडी. घरच्या सीडीतला रंगद्रव्याचा थर काही वर्षांत फिका पडतो, कारखान्याच्या सीडीत खड्डे प्लास्टिकमध्येच कोरलेले असतात आणि नीट ठेवली तर ती दशकानुदशकं चालते. तिला धोका असतो तो ॲल्युमिनियमच्या थराला हवा लागण्याचा, आणि तो थर लेबलच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून खालच्या चकचकीत बाजूपेक्षा वरच्या छापील बाजूवरचा ओरखडा जास्त घातक.

तिसरी गोष्ट फ्लॉपी, आणि तिथे मात्र खरंच घाई आहे. जपानी रोलप्लेइंग गेमची सुरुवात निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रावर नव्हे, एनईसी कंपनीच्या पीसी-८८०१ सारख्या संगणकांवर झाली. ‘द ब्लॅक ऑनिक्स’, ‘हायड्लाइड’, ‘ड्रॅगन स्लेयर’ हे सगळे १९८४ चे. फॅमिकॉमवरचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ त्यानंतर दोन वर्षांनी आला. त्या फ्लॉप्यांवर आता बुरशी चढते आहे, चुंबकीय थर सुटतो आहे. टोकियोची गेम प्रिझर्व्हेशन सोसायटी ही संस्था २०११ पासून या फ्लॉप्या गोळा करून त्यांची चुंबकीय पातळीवर नक्कल काढते. माध्यम मरतं आहे, तेव्हा ते जमवू नका, हा निष्कर्ष उलटा आहे. मरतं आहे म्हणूनच ते आज कुणाच्या तरी हातात यायला हवं.

‘हा सट्टा आहे.’

हे खरं आहे, पण आमच्याबद्दल नाही. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेली. ती प्रत प्लास्टिकच्या पेटीत बंद राहणार, कुणी खेळणार नाही, तिचा डेटा कुणी वाचणार नाही. अशा व्यवहारांनी किमती चढतात आणि त्याचा पहिला फटका खेळणाऱ्या संग्राहकालाच बसतो. सट्टेबाजाला शिव्या घालायच्या असतील तर मी पुढे उभा राहीन. पण डबा उघडणारा, माहितीपुस्तिका स्कॅन करणारा, मित्राला गेम खेळायला देणारा माणूस आणि तो लिलाववाला यांना एकाच तराजूत घालू नका.

कधीकधी याला एक शेपूट जोडलेलं असतं: महाराष्ट्रात बसून जपानी कचरा कशाला मागवायचा? नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या नकली यंत्रांच्या ‘एकात अनेक’ कॅसेटींत मारिओ होता, कॉन्ट्रा होता. जपानी वाचावे लागणारे आणि सेव्हची बॅटरी लागणारे रोलप्लेइंग गेम नव्हते. त्या काळात जे आपल्यापर्यंत पोचलंच नाही ते आता पाहण्यात गैर काय, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

अडचणी आहेत त्या वेगळ्या. जपानी सॅटर्न किंवा पहिलं प्लेस्टेशन १०० व्होल्टचं असतं; आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावलं तर जळतं, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवा आणि सीडींची कव्हरं दर थोड्या दिवसांनी उघडून पाहा. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची आपली जुनी सवय सोडा, तोंडातल्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजतात; आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि बॅटरी बदलायला ३.८ मिलिमीटरच्या पान्याने कॅसेट उघडण्याआधी आतला सेव्ह संगणकावर उतरवून घ्या. बॅटरी काढली की तो गेला, मग तो तुमचा असो की ओसाकातल्या कुणा आधीच्या मालकाचा.