दिल्याचा हसरा इमोजी

टपरीवर पोचलो तर सुली आधीच पेटलेली. मेट्रोच्या कारशेडसाठी तोडलेल्या मुंबईतल्या आरेच्या झाडांबद्दल तिनं ऑनलाइन काहीतरी लिहिलं होतं, त्याखालच्या कॉमेंटी नानांना वाचून दाखवत होती. "शहरी नक्षली." "किती मिळाले?" एकानं तर "घर कुठाय तुझं, येतो" लिहून पुढे गुलाबाचं फूल टाकलेलं. तिचा आवाज चढलेला, पण हातातला कप हलत होता.

तेवढ्यात दिल्या आला, छाती काढूनच. "मेट्रोच्या ॲक्वा लाइननं आलो! एसी! यांचं ऐकलं असतं तर बसला लटकलो असतो. विकास नको यांना. फॉरेन फंडिंग!"

"मेट्रो नको कोण म्हणालं रे? कारशेड दुसरीकडे न्या म्हणत होतो. इतक्या वर्षांत एवढं एक वाक्य तुला वाचता आलं नाही?" सुली उसळली.

"पण कोर्टानं..."

"कोर्टानं ४ ऑक्टोबर २०१९ ला याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू. सोमवारी सुप्रीम कोर्टानं थांबवलं, तोवर २,१४१ झाडं आडवी. एवढा कोर्ट मानणारा तू, सोमवारपर्यंत दम का नाही धरवला?"

ती रात्र मी विसरलेलो नाही. बॅरिकेडच्या अलीकडून दिसत काहीच नव्हतं. मशीनची घरघर, मग कडकड, मग धप्प. २९ जणांना अटक झाली, त्यात शिकणारी पोरं होती. आणि फोनवर लोक टाळ्या पिटत होते.

"दोन्हीकडचे सारखेच," नाना म्हणाले.

"सारखे? शेतकरी आंदोलनाला पाठिंबा कसा द्यायचा, एवढं सांगणाऱ्या ऑनलाइन टूलकिटपायी २०२१ मध्ये ती पर्यावरणवाली दिशा रवी दहा दिवस आत होती. पत्ता विचारणारा हा गुलाबवाला किती दिवस जाणारे, नाना?"

नाना गप्प. मग सोसायटीचा विषय निघालाच. पार्किंगसाठी गुलमोहर तोडायच्या ठरावावर पहिली सही त्यांची.

"कुजलेला होता तो!"

"गुलमोहर की ठराव?"

सुली पुन्हा दिल्याकडे वळली. "आणि तू. त्या रात्री मी ग्रुपवर पडलेल्या झाडाचा फोटो टाकला, त्यावर तुझा हसरा इमोजी. अजून आहे, दाखवू?"

"अगं, चुकून दाबला गेला!"

झालं. मंग्याच्या नाकातून चहा आला. रात्री दोन वाजता नम्रताच्या फोटोवर बदाम टाकला होता, तेव्हाही तिच्या भावासमोर दिल्या हेच म्हणाला होता.

"अंगठा बांधून ठेव रे तो!" नाना ओरडले.

दिल्या पाकीट चाचपत उठायला लागला. सुलीनं शर्ट धरला. "आज फॉरेन फंडिंग आलेलं नाही. पाच चहा, तुझ्याकडून."