हार्बरच्या डाव्या खिडकीतली रेल्वे

'मुंबईत रेल्वेवेड्याला पाहायला लोकलशिवाय आहेच काय, मालगाड्यांसाठी कसारा किंवा खंडाळ्याचा घाटच गाठावा लागतो' हे मुंबईतल्या मालगाड्यांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला मुळीच पटलं नाही. मुंबई बंदराची स्वतःची रेल्वे होती हो! १९१५ साली सुरू झालेली, दक्षिण मुंबईतला बॅलार्ड पिअर धक्का ते वडाळा. लांबी जेमतेम शहराच्या एका कडेपुरती, पण स्वतःची इंजिनं, स्वतःचं यार्ड. गोदीतला माल वडाळ्यापर्यंत आणून मोठ्या रेल्वेच्या हवाली करायचा, हे तिचं काम. १९२८ साली निघालेली फ्रंटियर मेल ही पेशावरची गाडीसुद्धा टपालबोटींच्या मोसमात बॅलार्ड पिअरच्याच स्टेशनातून सुटायची.

माझे बाबा हार्बर लोकलने वडाळ्याहून सीएसएमटीकडे जाताना मला मुद्दाम डाव्या खिडकीत बसवायचे. शिवडी, कॉटन ग्रीनच्या पट्ट्यात गोदामांच्या मधून एखादं शंटिंगचं डिझेल इंजिन वाघिणी (मालडबे) ढकलताना दिसलं, की तो दिवस माझा. वेग माणसाच्या चालण्याएवढा, पुढे हिरवं-लाल निशाण घेतलेला माणूस. घाटात मागून रेटा देणारी तीन-तीन बँकर इंजिनं लावून चढणारी गाडी भव्य असते, मान्य. पण वाघिणी एकेक करून कशा जोडतात, रुळांचा सांधा कसा बदलतात, हे मी तिथेच शिकलो. १९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं आणि हळूहळू कंटेनर खाडीपलीकडे गेले. शहरातल्या मालगाड्यांवर लिहिताना ही रेल्वे वगळू नका, एवढीच कळकळीची विनंती.