आधी भेदनी, मग रसायनी

आमच्या घरात कोरफड आली ती आत्याच्या पिशवीतून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. बोटभर पिल्लू होतं. "हे लाव कुंडीत आणि ते औषधांचं कपाट टाक मोडीत," एवढं बोलून आत्या खुर्चीत टेकली. कपाट शाबूत राहिलं, पण वर्षभरात त्या पिल्लाला सात पिल्लं झाली. त्या सातांना पुढे किती झाली ते मी मोजलं नाही. गॅलरीत कपडे वाळत घालायला जावं तर पोटऱ्यांवर ओरखडे. येईल त्याच्या हातात एक पिल्लू द्यायचं धोरण आम्ही काही दिवस राबवलं. मग लोक येईनासे झाले.

आत्याचं वैद्यक मात्र आटोपशीर. भाजलं? कोरफड. केस गळतात? कोरफड. पोट साफ नाही? कोरफड. मला वाटतं, नोकरी गेली म्हणून सांगितलं असतं तरी तिने आधी "कोरफड लावलीस का?" असंच विचारलं असतं. आणि हे खूळ तिचं एकटीचं नाही. पहिल्या शतकातल्या डायॉस्कोरिडीस नावाच्या ग्रीक वैद्याने कोरफड जखमेला सांगितली, पोट साफ करायला सांगितली आणि केस गळू नयेत म्हणून द्राक्षाच्या दारूत कालवून डोक्याला चोळायलाही सांगितली. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षं माणसं डोक्याला कोरफड चोळताहेत आणि तेवढीच वर्षं टकलं आहेत. मीही दोन महिने चोळली. (दारूशिवाय. दारू डोक्याला लावायची हे घरात पटवून देता आलं नसतं.) केस होते तेवढेच राहिले, फक्त वाळल्यावर एकमेकांना चिकटून उभे राहू लागले.

पण एकदा ती खरंच कामाला आली. इस्त्री करताना अंगठा भाजला. बराच वेळ वाहत्या नळाखाली धरला, आणि मग म्हटलं, आता आत्याचं ऐकून बघू. विळीवर पान कापलं. कापल्या जागेतून आधी पिवळट चीक ओघळला, वास असा की मुळा सडला असावा. तो चीक शर्टावर पडला. वाळल्यावर डाग तांबूस झाला आणि आजतागायत तिथेच आहे. दोन्ही कडांचे काटे काढले, वरची साल सोलली, तेव्हा आत काचेसारखा गर दिसला. उचलायला गेलो तर बोटांतून सुटला. ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून फ्रिजखाली. माझ्या एका हाताचा अंगठा भाजलेला, दुसऱ्या हाताला बुळबुळ, आणि मी पालथा पडून उलथन्याने औषध बाहेर काढतोय. बायको दारात उभी राहून बघत होती. "लावायचंय की पकडायचंय?" तिने विचारलं.

दुसरा तुकडा लावला. काय सांगू, गार वाटलं! गारच वाटणार म्हणा, त्या गरात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असतं. उरलेल्या दोन भागांत काय काय आहे त्यावर शास्त्रज्ञ अजून राबताहेत. पण किरकोळ भाजण्यावर, उन्हाने कातडी लाल होते त्यावर हा गर बरा, इतपत हल्लीचे डॉक्टरही मान डोलावतात. अंगठा चार दिवसांत ठीक झाला आणि मी बिघडलो. बाहेरून एवढा गुण, तर आतून केवढा!

आत्याने फोनवर संस्कृतातून दुजोरा दिला. "अरे, भावप्रकाशात, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, लिहिलंय, रसायनी! रसायन म्हणजे म्हातारपण लांब ठेवणारं. कोरफडीचं संस्कृत नावच बघ, कुमारी. पान तोडून ठेवलं तरी किती दिवस टवटवीत राहतं. तुझ्याकडे बघ आणि तिच्याकडे बघ."

बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता एक लांबलचक पान तोडलं, धुतलं, आणि फ्रिजखालचा प्रसंग आठवून सोलायच्या भानगडीत पडलोच नाही. सालीसकट मिक्सरमध्ये. हिरवा, फेसाळ, तार धरणारा पेलाभर रस झाला. पहिल्या घोटाला जीभ टाळूला चिकटली. कडू म्हणजे किती कडू? बाळाचं अंगावरचं दूध तोडायला पूर्वी आया छातीला कोरफडीचा चीक लावत, ते का, हे मला एका क्षणात कळलं. त्या बाळाला निदान तोंड फिरवता येत होतं. मी मोठा माणूस, संपवलं.

सात वाजले, नऊ वाजले, पोटात सामसूम. बारा वाजता मी आत्याला मनातल्या मनात भोंदू ठरवून मोकळा झालो. तीन वाजता ऑफिसची ऑनलाइन बैठक होती, माझंच सादरीकरण. तिसऱ्या स्लाइडवर पोटात कोणीतरी जड कपाट सरकवलं. चौथ्या स्लाइडवर दुसरं. पाचव्या स्लाइडला मुरडा असा आला की "या तिमाहीत आपली घसरण" एवढं म्हणून मी थांबलो आणि कॅमेरा बंद केला. मागून साहेबांचा आवाज येत होता, "घसरण किती? हॅलो? घसरण किती?" संध्याकाळी सातपर्यंत मी त्या आकड्याच्या जवळपासच होतो.

एका वैद्यबाईंनी पुढे सगळं समजावून सांगितलं. हसू आवरत, हे विशेष. पान एक, पण रस दोन. आतला गर सौम्य. सालीला लागून असतो तो पिवळा चीक. त्यात अ‍ॅलोइन नावाचं द्रव्य असतं आणि तो जबरदस्त रेचक. वाळवला की त्याचाच काळाबोळ होतो. आजीच्या बटव्यातला, मुक्या माराला उगाळून लावायचा, तोच. अ‍ॅलोइन पोटात गेल्या गेल्या काही करत नाही. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू ते फोडतात, तेव्हा त्याला जाग येते. म्हणून सहाचं तिनाला. गरोदर बाईने तर त्याच्या वाटेलाही जाऊ नये. अमेरिकेत औषधांच्या सरकारी खात्याने २००२ मध्ये, सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या रेचकांतून कोरफड काढायला लावली.

"पण भावप्रकाशात रसायनी म्हटलंय ना?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"म्हटलंय की. पूर्ण ओळ ऐका," बाई म्हणाल्या. "कुमारी भेदनी शीता तिक्ता नेत्र्या रसायनी. भेदनी म्हणजे रेचक. तो शब्द पहिला आहे. रसायनी पाचवा."

म्हणजे माझी पहिल्या शब्दालाच विकेट पडली होती. शीता अंगठ्याने अनुभवली, तिक्ता जिभेने. नेत्र्या म्हणजे डोळ्यांना हितकारक. त्या दुपारी डोळे उघडले खरे.

रात्री आत्याचा फोन आला.

"काय रे, घेतलीस का? लागू पडली?"

"पडली. आत्या, तू रोज कितीशी घेतेस गं?"

"मी?" आत्या म्हणाली. "छे रे बाबा! मला नाही तो कडूपणा सोसत."