फुटका रांजण आणि जंताची गोळी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला: "आफ्रिकेतल्या खेड्यांना पैसे पाठवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी. इतकी वर्षं गेली, काही बदललं नाही. फुकटच्या मच्छरदाण्यांनी ते मासे पकडतात. छोट्या संस्था चार वह्या वाटून फोटो काढतात. त्यापेक्षा आपल्याकडचं आधी बघा."

'काही बदललं नाही' हे धडधडीत खोटं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत 1990 साली हजारातली सुमारे 180 मुलं पाच वर्षांची होण्याआधीच जात. आता हा आकडा निम्म्याच्याही खाली आला आहे. सगळं श्रेय देणग्यांचं नाही, पण लसी, मच्छरदाण्या आणि औषधं तिथं काही आभाळातून पडली नाहीत.

आता मच्छरदाण्या. टांगानिकासारख्या तळ्यांच्या काठी त्यांनी मासे पकडले जातात, हे खरं आहे. पण त्यावरून 'फुकट दिलं की किंमत राहत नाही' हा निष्कर्ष काढायचा? पश्चिम केनियात गरोदर बायकांच्या तपासणी केंद्रांवर हे पडताळून पाहिलं गेलं. काही केंद्रांत मच्छरदाणी फुकट, काही ठिकाणी थोडे पैसे घेऊन. फुकट होती तिथं जवळजवळ प्रत्येकीने नेली. किंमत 40 शिलिंग केली, म्हणजे डॉलरपेक्षाही कमी, तर नेणाऱ्या शंभरातल्या चाळीसच उरल्या. आणि फुकट नेणाऱ्यांनी ती कमी वापरली असंही दिसलं नाही. फुकटचं ते पौष्टिक म्हणून आपण हसतो, पण इथे ते खरं ठरलं.

वह्या-पुस्तकांच्या टोमण्यात मात्र तथ्य आहे. केनियातल्याच बुसिया भागात एका डच संस्थेने शाळांना क्रमिक पुस्तकं दिली आणि सरासरी मार्क हलले नाहीत. फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. कारण साधं होतं. पुस्तकं इंग्रजीत, आणि तिथल्या बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा.

पण त्याच संस्थेने त्याच भागात 1998 पासून 75 शाळांमध्ये जंताच्या गोळ्या दिल्या. आपल्या शाळांत जंतनाशक दिनाला देतात तीच अल्बेंडाझोल. अनवाणी फिरणाऱ्या पोराच्या पायातून अंकुशकृमी हा जंत आत शिरतो, रक्त पितो, पोर मलूल होऊन घरी पडून राहतं. गोळ्या दिल्यावर गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटली. मार्क वाढले नाहीत, हेही सांगायला हवं. 2015 साली त्या अभ्यासातल्या आकडेमोडीत चुका सापडल्या आणि बरंच भांडण झालं, ते फॉरवर्डवाल्याला ठाऊक नसावं, नाहीतर सोडलं नसतं. पण गैरहजेरीचा मुख्य निष्कर्ष त्यात टिकला. वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा गाठलं, तेव्हा दोन-तीन वर्षं जास्त गोळ्या मिळालेल्यांचा घरखर्च, म्हणजे खर्च करायची ऐपत, बाकीच्यांपेक्षा सुमारे 14 टक्के जास्त होता. एका मुलाच्या वर्षभराच्या गोळ्यांचा खर्च तेव्हा डॉलरच्याही आत होता. छोट्या संस्थेला झेपेल असंच हे काम.

फोटोंबद्दल काय बोलायचं? फोटो आपल्याकडच्या वह्यावाटपातही काढतात, प्रमुख पाहुण्यांसकट.

राहिलं 'आपल्याकडचं आधी'. आफ्रिकेतल्या असंख्य गावांत आज पाणी ज्या हातपंपाने येतं, त्या 'इंडिया मार्क 2' चं मूळ सोलापुरात आहे. ओतीव लोखंडाचे जुने पंप सारखे मोडायचे, म्हणून तिथं एक दणकट पंप तयार झाला. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यात सुधारणा होऊन हा पंप आला. दुष्काळी महाराष्ट्राचा उपाय तिकडे गेला, म्हणून इकडचं पाणी आटलं नाही.

अर्थात पंपही बंद पडतात. 2009 च्या एका अंदाजानुसार आफ्रिकेतल्या हातपंपांपैकी साधारण तिसरा हिस्सा कोणत्याही वेळी बंदच असे. म्हणून देणगी मागायला कुणी आलं की मी फोटो बघत नाही. विचारतो, वॉशर गेला तर गावात तो बदलता कुणाला येतो, आणि नवा कुठून आणता?